मॅडमचं ऊन

पेशंटला मॅडम आधी नाव विचारत नसत. माणूस खुर्चीत टेकला की पहिला प्रश्न ठरलेला. "अंगाला ऊन शेवटचं कधी लागलं होतं?"

माणूस गोंधळायचा. कुणी म्हणायचं, काल. कुणी म्हणायचं, "बाई, मला खोकला झालाय."

"खोकला मला ऐकू येतोय. ऊन सांगा."

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक तीन मजली नर्सिंग होम होतं. नव्वदच्या दशकात, कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली मी तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. मॅडम तिथल्या फिजिशियन. ज्यांच्या मेंदूकडे जाणारं रक्त गुठळीने अडलं किंवा नळी फुटून सांडलं असे, झटका आलेले पेशंट त्यांच्याकडे जास्त. शहरातली माणसं त्याला पॅरालिसिस म्हणत, घोटीकडून, पेठकडून आलेली म्हणत, "अंगावरून वारं गेलं." मॅडम जीव वाचवायच्या आणि मग तो लुळा हात, तो ओढत चालणारा पाय माझ्याकडे यायचा. असं आमचं दोघींचं काम एकमेकींत गुंतलेलं होतं. म्हणून मी त्यांच्याबद्दल बोलू शकते. त्यांना विक्षिप्त म्हणणारे बरेच होते, अजूनही आहेत. त्यांनी त्यांचं म्हणावं. मी माझं सांगते.

बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. सुती साडी आणि बिनबाह्यांचा ब्लाउज. त्या काळात, त्या वयाच्या बाईने, तेही डॉक्टरने, बिनबाह्यांचा ब्लाउज घालून राउंडला यायचं म्हणजे नाशिकमध्ये बोलण्यासारखी गोष्ट होती. नर्सिंग होमचे मालक स्वतः सर्जन होते, आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचो. त्यांनी एकदा आडून सुचवलं की जुन्या वळणाचे पेशंट येतात, जरा विचार व्हावा. मॅडमनी दोन्ही दंड पुढे केले. "दंडाला ऊन लागायला नको? पदराआडून आत जात नाही ते." मोठे डॉक्टर पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

त्या माळ्यांच्या घरातल्या. शहराच्या कडेला त्यांचा मळा होता, झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी. मुलगी असून त्यांना शिकवलं खरं, पण सुट्टीच्या दिवशी फुलं तोडायला उभं राहावंच लागे. त्यामुळे मुळातला सावळा रंग आणखी रापला आणि स्थळं परत जाऊ लागली. चुलती हळद-साय घेऊन मागे लागायची. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही हसत हसत. बघायला आलेल्या एका मुलाची आई म्हणाली होती, "पोरगी शिकलेली हाय, पण उन्हात करपलीय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी म्हटलं, करपलेली नाही, पिकलेली आहे. चहा घ्या आणि निघा. पुढे कुणाला बघायला येऊच दिलं नाही."

म्हणजे उन्हाशी त्यांचं नातं पुस्तकातून जुळलेलं नव्हतं. पण पुस्तकंही त्या वाचत, आणि डोळे उघडे ठेवून वाचत. मी लागले त्या सुमाराला गंगापूर रोडवरचे जुने बंगले पाडून फ्लॅट उठत होते. बायका मांड्या दुखतात, जमिनीवरून उठता येत नाही, जिना चढवत नाही म्हणून यायच्या. बाकीचे डॉक्टर 'वय झालं' म्हणून वेदनाशामक लिहून द्यायचे. मॅडम विचारायच्या, "आधी कुठे राहायचात?" उत्तर यायचं, पंचवटीत, अंगण होतं. "आता?" आता दुसरा मजला, समोर दुसरी बिल्डिंग. मॅडम मान हलवायच्या. "अंगण विकलंत, हाडं पण विकलीत." ऊन लागलं की कातडीखाली ड जीवनसत्त्व तयार होतं, ते नसलं की हाडांना चुना धरवत नाही, हे त्या पापड वाळवण्याइतकं सोपं करून सांगायच्या. सावळ्या कातडीला आणि म्हाताऱ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागतं, हेही सांगायच्या. त्यात कुणी म्हणालं, "मी रोज खिडकीत बसते," तर संपलंच. "काचेतून येतो तो नुसता उजेड. त्याने पेपर वाचा."

आणि कोवळं ऊन. आपल्याकडे सगळ्यांना कोवळ्या उन्हाचं केवढं कौतुक. मॅडमना त्याचा राग यायचा. "कोवळं ऊन फोटो काढायला चांगलं. कामाचं ऊन दहा-अकराचं. जे तुम्हाला नको असतं ते."

मग त्यांच्या मनात ती दुसरी गोष्ट, ऊन आणि झटक्याची, कशी शिरली ते सांगते, कारण त्यावरूनच पुढचं सगळं झालं.

अंबडच्या एका कारखान्यातला एक फिटर आला होता. चाळिशीचाही नव्हता. उजवं अंग गेलेलं. रक्तदाब थोडा वाढलेला, साखर ठीक, तंबाखू नाही, दारू नाही. मॅडमना ते पटेना. त्यांनी त्याच्या बायकोला बसवून त्याचा दिवस विचारला. बायको म्हणाली, "वर्षानुवर्षं रातपाळीच घेतात ते, भत्ता मिळतो म्हणून. सकाळी येतात, पडदे लावतात, झोपतात. उठतात तोवर दिवस कलतो. आमच्या पोराला सुद्धा ते रविवारीच दिसतात."

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस उन्हात गेलेला नाही गं."

एवढंच. पण त्यानंतर झटका आलेल्या प्रत्येकाला त्या ऊन विचारू लागल्या. कुणी दुकानात बसणारा, कुणी सहा महिने गुडघ्यामुळे घराबाहेर न पडलेली. पुढे दोन हजार सालानंतर ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आपल्याकडे मिळू लागली. नमुना मुंबईला जायचा. ज्यांना झेपेल त्यांची मॅडम करून घ्यायच्या. रिपोर्ट यायचा आणि जवळजवळ दरवेळी कमी. परदेशातल्या मासिकांतही तसंच काहीबाही छापून येऊ लागलं होतं, की ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांना झटका जास्त. आमच्या सिस्टर खूश. म्हणाल्या, "मॅडम, तुमचं खरं निघालं."

मॅडम खूश नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी एक वेगळंच काम केलं. पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांना पकडलं. धडधाकट माणसं, उशाशी बसून डबा भरवणारी. त्यांचंही रक्त पाठवलं. रिपोर्ट आल्यावर टेबलावर पसरून बसल्या आणि हसू लागल्या.

"बघ. नवऱ्याचं कमी. बायकोचं त्याहून कमी. झटका नवऱ्याला आला, बायको डबा आणतेय. आता बोल."

मी म्हटलं, "म्हणजे काहीच संबंध नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? ज्याचं कमी त्याला झटका जास्त, हे दिसतंय. पण ऊन नाही म्हणून झटका आला, की माणूस आधीपासून आजारी, घरात पडून, म्हणून ऊन नाही? कोण कुणाच्या मागे चाललंय हे मला दिसत नाही. दिसल्याशिवाय मी बोलणार नाही."

आणि तरीही त्या पेशंटला उन्हात न्यायच्याच. हे लोकांना विसंगत वाटायचं. मला वाटायचं नाही. त्यांची उतरंड पक्की होती. आधी रक्तदाब, मग तंबाखू आणि मिसरी, मग साखर, मग लोणच्यातलं मीठ. ऊन त्यानंतर कुठेतरी. "पण ते फुकट आहे, हाडांना लागतंच, आणि अंधाऱ्या खोलीत पडलेला माणूस आतून मरतो ते वेगळं. मग का नको?"

नर्सिंग होमला गच्ची होती. सकाळी दहाच्या सुमाराला मॅडमचे पेशंट चाकाच्या खुर्च्यांतून वर जायचे. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती. शेवटचा जिना वॉर्डबॉय आणि मी खुर्च्या उचलून चढवायचो. वर सगळे ओळीने बसायचे, लुळा हात मांडीवर, बाह्या वर, डोक्यावर पांढरा रुमाल. चैत्र-वैशाखात जरा वेळ, थंडीत बराच. मी तिथेच त्यांचे व्यायाम घ्यायची. घोटीचे एक म्हातारे भात-व्यापारी होते, त्यांना बोलता येत नव्हतं. पण गच्चीवर आले की डावा हात कपाळाशी नेऊन सूर्याकडे बघायचे, आणि खाली न्यायला गेलं की तोच हात माझ्या अंगावर उगारायचे.

त्यांचा मुलगा एकदा अवेळी आला आणि वडील उन्हात बसलेले पाहून भडकला. थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेला. "आम्ही काय इथे बापाला वाळत घालायला आणलंय का? डिलक्स रूम घेतलीय आम्ही."

मोठ्या डॉक्टरांना निमित्त हवंच होतं. गच्चीवर त्यांना वातानुकूलित खोल्या काढायच्या होत्या. त्यांनी मॅडमना बोलावलं, मीही होते. ते म्हणाले, "मॅडम, हे आता बंद. लोक ए.सी.साठी येतात आपल्याकडे. गच्चीला आजपासून कुलूप."

मॅडम म्हणाल्या, "बरं."

मला धक्का बसला. त्या इतक्या सहज 'बरं' म्हणणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोठ्या डॉक्टरांची गाडी आली तर लावायला जागा नाही. पार्किंगमध्ये खुर्च्यांची ओळ. घोटीचे म्हातारे बरोबर त्यांच्या गाडीच्या जागेवर, बाह्या वर करून. मॅडम मध्ये उभ्या राहून रक्तदाब मोजत होत्या.

मोठे डॉक्टर काच खाली करून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"राउंड चाललाय. गच्चीला कुलूप आहे."

रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. तेवढ्यात म्हाताऱ्यांचा मुलगा आला. तोही तोंड उघडणार, पण त्याच वेळी म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहून डावा हात कपाळाशी नेला आणि कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द काढला. "बस." मुलाला कळेना, थांब म्हणतायत की खाली बस म्हणतायत. तो मुकाट्याने बापाशेजारी पायरीवर बसला. उन्हात. मॅडमनी त्याचाही हात ओढून रक्तदाब मोजला, तो चांगलाच वाढलेला निघाला. त्याचं औषध त्याच दिवशी सुरू झालं.

गच्चीचं कुलूप आठवड्याभरात निघालं. खोल्यांचा विषय मोठ्या डॉक्टरांनी सोडला नाही, पण पुढे ढकलला.

मॅडमच्या तोंडी मळ्यातली भाषा फक्त राग आल्यावर यायची. नर्सेस आणि कॉलेजच्या मुली तेव्हा स्कूटीवरून जाताना डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने गुंडाळू लागल्या होत्या, वर कोपरापर्यंत हातमोजे. आमच्या एका नर्सला त्यांनी फाटकातच अडवलं. "काय गं, कुठं दरोडा घालायचा हाय?"

ती म्हणाली, "मॅडम, काळी पडते मी."

"पड की. मी पडले. काय अडलं माझं?"

मुलीने ओढणीची गाठ चाचपली. मॅडम हळूच म्हणाल्या, "अडवणारे अडवतात, ते ठाऊक आहे मला. पण निदान हात तरी उघडे टाक." तिने हातमोजे काढले. ओढणी ठेवली. मॅडमनी तेवढ्यावर समाधान मानलं.

मग ती औषधाच्या पुड्यांची लाट आली. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, दुधात घालून घ्यायच्या. कंपन्यांना वाटलं, नाशिकमध्ये या विषयाचा एवढा ध्यास घेतलेली दुसरी व्यक्ती नाही, या आपल्याच. एका हॉटेलात डॉक्टरांसाठी व्याख्यान आणि जेवण ठेवलं होतं. मॅडमना पहिल्या रांगेत बसवलं. मुंबईहून आलेले पाहुणे डॉक्टर गुळगुळीत बोलत होते. शेवटी म्हणाले, आठवड्याला एक पुडी द्या आणि तुमच्या पेशंटला झटक्यापासून वाचवा.

मॅडम उठल्या. "पुडी देऊन झटके कमी झाले, हे कुणी पाहिलंय?"

पाहुणे हसून म्हणाले, "कमी असणाऱ्यांना धोका जास्त, हे तर सिद्धच आहे. तुम्ही स्वतःही ते मांडता असं ऐकलं."

"मी जे मांडते ते मला माहीत आहे. मी विचारलं ते वेगळं. दोन गट करून, एकाला पुडी आणि दुसऱ्याला नुसतं पीठ देऊन, वर्षानुवर्षं बघितलंय का कुणी, झटका कुणाला कमी येतो ते?"

"तसे अभ्यास पुढे येतीलच."

"मग तेव्हा बोलवा. हाडांसाठी पुडी मी देते, देत राहीन. झटक्याच्या नावाने विकणार असाल तर माझं नाव तुमच्या तोंडी नको."

जेवायला त्या थांबल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर बाहेर पडले, कारण मला घरी सोडणार त्याच होत्या. रिक्षात म्हणाल्या, "एवढी वर्षं लोक म्हणायचे ऊन म्हणजे खूळ. आता म्हणतायत सगळ्या रोगांवर ऊन. आधीचे बरे होते. त्यांच्याशी भांडता तरी यायचं."

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्या सकाळच्या राउंडमध्ये पडल्या.

पेशंटच्या पलंगाशी उभ्या होत्या. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबलं. सिस्टरना वाटलं, आठवतायत काहीतरी. मग हातातला स्टेथोस्कोप सुटला, ओठाचा कोपरा खाली आला आणि उजवा पाय त्यांच्याखालून गेला. मी खालच्या मजल्यावरून धावत आले तेव्हा त्या जमिनीवर होत्या आणि डोळे पूर्ण जागे होते. काय झालंय हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच नीट कळलेलं नव्हतं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हृदयाच्या डॉक्टरांनी कारण शोधलं. ठोके अनियमित होते, हृदयात गुठळी होऊन तिथून वर गेली होती. ऊन, पुडी, मीठ यांतलं काही नाही.

पण गावाला कारण नको असतं, गंमत हवी असते. जन्मभर उन्हात बसवणाऱ्या बाईलाच झटका आला, ही बातमी दोन दिवसांत गंगापूर रोडभर झाली. मोठे डॉक्टर भेटायला आले. मनाने वाईट नव्हते, उपचारात त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. पण बरोबर आलेल्या मित्राला दारातच, हळू म्हणून जरा मोठ्यानेच बोलून गेले, "सूर्यदेव काही पावले नाहीत."

मॅडमनी ऐकलं. मी त्यांचा हात चोळत होते, तो हात काही करू शकत नव्हता. डावा मात्र उठला. त्यांनी स्वतःच्या उजव्या कोपराच्या खळगीवर बोट ठेवलं आणि सुई टोचल्यासारखं केलं. पुन्हा केलं. मला कळलं.

"रक्त काढायचं? ड जीवनसत्त्वाचं?"

त्यांनी डोळे मिटून उघडले.

रिपोर्ट आला. पातळी उत्तम होती. आजवर पाहिलेल्या सगळ्या रिपोर्टपेक्षा चांगली. सिस्टर कागद बघून रडवेल्या झाल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे नको सांगायला बाहेर. कमी आलं असं म्हणू. निदान त्यांचं म्हणणं तरी राहील. कोण विचारतंय?"

सिस्टरांचं प्रेम मला कळत होतं. मी कागद घेऊन मॅडमकडे गेले आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आकडा वाचला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते दुःख नव्हतं. अर्धं तोंड वळत नव्हतं, पण उरलेल्या अर्ध्याने त्या हसल्या. नातेवाइकांचे रिपोर्ट पसरून हसल्या होत्या तशा. मग कागदाकडे बोट केलं, दाराकडे केलं आणि वर, गच्चीच्या दिशेने केलं.

"गच्चीवर सांगू? सगळ्यांना?"

डोळे मिटून उघडले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर, खुर्च्यांच्या ओळीसमोर, मी ते सांगितलं. मॅडमचं ऊन भरपूर होतं आणि तरी झटका आला, असं मॅडमनीच सांगायला सांगितलंय. सुरगाण्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, ती म्हणाली, "मंग आता खाली न्यायचं का ह्यांना?"

मी म्हटलं, "मॅडमनी तसं नाही सांगितलं."

ती जरा विचार करून म्हणाली, "मंग बसू द्या."

आमचा खरा झगडा त्यानंतर सुरू झाला. मी कित्येक पेशंट चालवले, पण मॅडमइतका त्रासदायक पेशंट नाही. पाय लवकर सुधारला. हात उशिरा, आणि अर्धाच. वाचेने मात्र छळलं. शब्द आत होते, बाहेर येताना वाटा चुकत. पाणी म्हणायला जात आणि 'पान' येई, 'पंखा' येई. चूक झाल्याचं त्यांना कळे, हे सगळ्यांत वाईट. येणारीजाणारी माणसं दयेने त्यांचं वाक्य पुरं करून देत. "पाणी ना? पाणी पाहिजे ना?" मॅडम ग्लास हातात घेत नसत. स्वतःच्या तोंडाने 'पाणी' येईपर्यंत ग्लास तसाच. एकदा त्यांची भाची वैतागून म्हणाली, "मावशी, घशाला कोरड पडलीय तुझ्या, पी की." मॅडमनी मान हलवली. बऱ्याच वेळाने, घाम फुटून, शब्द आला. "पाणी." मग प्यायल्या.

वर्षभराने त्या ओपीडीत बसू लागल्या. मोठ्या डॉक्टरांना वाटलं, सवयीने येतायत, चार दिवसांत थकतील. थकल्या नाहीत. एका पेशंटला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायचा. पेशंट बसून राहायचे. नाडी डाव्या हाताने बघायच्या, आणि आता प्रत्येकाची नाडी फार वेळ धरून बसायच्या. मला कारण पुढे कळलं.

त्या वर्षाच्या शेवटी शहरातल्या डॉक्टरांच्या मासिक सभेत त्यांनी बोलायचं ठरवलं. कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनीच निरोप धाडला. नाही कोण म्हणणार? मोठे डॉक्टर त्या वर्षी अध्यक्ष होते, व्यासपीठावर शेजारी बसले. सभागृह भरलं होतं. काही खरंच ऐकायला आले होते, काही बघायला. मी पहिल्या रांगेत.

बिनबाह्यांचा ब्लाउज, हातात काठी. उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही आलं नाही. मग आलं. "मला... झटका... आला." थांबल्या. "माझं... ड... चांगलं... होतं." सभागृहात कुणीतरी हसलं. मॅडमनी त्या दिशेला पाहिलं. "हसा. मी पण... हसले."

मग त्यांनी आपली केस मांडली, आपण एखाद्या पेशंटची मांडतो तशी. वय, रक्तदाब, साखर. छातीत फडफडायचं, वर्षभर. कुणाला बोलल्या नाहीत. "सगळ्यांची... नाडी... धरली. माझी... धरली... नाही. हे... कारण. ऊन... नाही. सूर्य... देव... नाही." मोठ्या डॉक्टरांनी मान खाली घातली.

शब्द अडला की समोरून कुणीतरी पुरवायचं. गुठळी? हृदय? तपासणी? मॅडमनी काठी जमिनीवर टेकली. "माझा... शब्द. मी... शोधते." त्यानंतर कुणी पुरवला नाही.

एका तरुण डॉक्टरने हात वर केला. अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, मग आम्ही पेशंटला काय सांगायचं? उन्हाचा उपयोग नाही असं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग उपयोग आहे असं?"

पुन्हा नाही.

"मग काय?"

त्या उत्तराला फार वेळ गेला. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता आणि डावा हात काठीवर घट्ट होता. "कमी... असेल... तर भरा. हाडांना... लागतं. झटक्याचं..." इथे त्या अडल्या, ओठ चुकीच्या आकाराचे होत राहिले, त्यांनी ते आकार परत परत मोडून नवे केले. "झटक्याचं... माहीत नाही. तेच... सांगा. माहीत... नाही... म्हणा. बीपी... मोजा. नाडी... धरा."

टाळ्या सुरू झाल्या. मोठे डॉक्टर तयारीत होते, ते पुष्पगुच्छ घेऊन उठले आणि माईकजवळ आले. म्हणाले, "मॅडमनी या अवस्थेतही जे धैर्य दाखवलं, त्याबद्दल आपण सर्वांच्या वतीने..."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

हा शब्द मात्र अजिबात अडखळला नाही. मोठे डॉक्टर पुष्पगुच्छ हातात धरून उभेच राहिले.

"माझं... झालेलं... नाही."

ते बसले. मागच्या रांगेतले दोघे-तिघे घड्याळ बघत उठून बाहेर गेले. मॅडमनी त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं, काठी नीट टेकली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.